जीपची वाट कोण आखणार?

रविवारी सकाळी शिरोली एमआयडीसीजवळच्या महामार्गावरून रुंद चाकांच्या जीप पन्हाळ्याकडं निघतात. पुढं मसाई पठार. जांभ्या कातळावर जेमतेम बोटभर माती, त्यात पावसाळ्यात उगवणारं गवत आणि फुलं. ओल्या मातीत चाक फिरलं की ती चाकोरी लवकर बुजत नाही.

“यात बायकांचा काय संबंध?” असं आपल्याच बैठकांतून विचारलं जातं. वैरण, सरपण, शेरडंकरडं कुणाच्या वाट्याला आहेत? डोक्यावर भारा असलेल्या बाईला जंगलात जाब विचारतात. जीपवाल्याला मात्र पर्यटक म्हणतात. गाड्यांना आमचा सरसकट विरोध नाही. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी जीप हवीच आहे.

मसाई आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अशा क्षेत्राच्या समितीत सरकारी खात्यांचे प्रतिनिधी, वन्यजीव संस्थांचे तिघे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा एकेक जण बसतो. बाईसाठी एकही जागा राखलेली नाही! मग पंचायतीनं बाईच पाठवावी, असा ठराव ग्रामसभेत आपण का मांडू नये?

आणि मैत्रिणींनो, घाई करायला हवी. २०२३च्या दुरुस्तीनंतर वनखात्याच्या कार्य आयोजनेत नोंदलेली निसर्ग-पर्यटनाची सोय ‘वनेतर वापर’ ठरत नाही. त्यासाठी केंद्राची वेगळी परवानगी लागत नाही. गाडीवाट त्या कागदात शिरल्यावर मोर्चा काढून काय साधणार? आताच नकाशा मागा. कोणती वाट गाड्यांना, कोणती गुरांना, पावसाळ्यात फाटक बंद कोण करणार, हे लेखी विचारा.