चंद्रपूर महापालिकेचा पैसा: हिशेब कोणी मागायचा?

कोळशावर बसलेल्या शहराची महापालिका श्रीमंतच असणार, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात 2920 मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र शहराच्या हद्दीबाहेर. कोळशाचे स्वामित्वधन राज्याकडे जाते, खनिज प्रतिष्ठानचा निधी जिल्ह्याच्या पातळीवर वाटला जातो. धूळ तेवढी शहराच्या वाट्याला. जकात गेली, पाठोपाठ एलबीटीही गेला. 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून भिस्त राज्याच्या अनुदानावर. स्वतःचे म्हणावे असे मुख्यतः मालमत्ता कर नि पाणीपट्टी. वरच्या तिजोरीकडे खालच्यांनी हात पसरण्याची ही गोष्ट नवी नाही. बाबासाहेबांनी 1925 साली प्रांतिक वित्तावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो आमच्यापैकी किती जणांनी उघडला आहे?

एप्रिल 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतरची 2023-24 ते 2025-26 ही तिन्ही अंदाजपत्रके प्रशासकाच्या सहीने मंजूर झाली. सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

आमच्या वस्त्यांसाठी हा कोरडा विषय नाही. दुर्बल घटकांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा असतो. पण तरतूद म्हणजे खर्च नव्हे. त्यातून अभ्यासिका झाली की नुसते पेव्हिंग ब्लॉक बसले, हे भाषणांतून कळत नाही.

म्हणून वॉर्डातल्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच: या तीन वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि प्रभागनिहाय कामांची यादी माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.