विजयोत्सव एका दिवसाचा, विस्मरण वर्षभराचे

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात नरवीर चिमाजी अप्पांचा जयघोष होतो. 16 मे 1739 रोजी शरणागतीचा तह झाला, 23 मे रोजी पोर्तुगीज किल्ला सोडून गेले आणि 1534 पासूनची परकीय सत्ता वसईतून संपली. या पराक्रमाचे स्मरण व्हायलाच हवे. परंतु एका दिवसाच्या सोहळ्याने समाजाच्या इतिहासाला न्याय मिळतो काय?

असे उत्सव जुन्या जखमा उकरतात, असा आक्षेप काही विचारवंत घेतात. त्यांनी 1739 च्या तहाची कलमे वाचावीत. हजारो मराठे धारातीर्थी पडले असतानाही विजेत्यांनी शत्रूला सन्मानाने बाहेर पडू दिले आणि ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मोकळीक दिली. ज्या सत्तेच्या छायेत इन्क्विझिशन वावरले, तिला दिलेले हे उत्तर होते. आजही घरात सामवेदी बोली बोलणारा वसईचा ख्रिस्ती बांधव याच मातीतला आहे. हा वारसा त्याचाही आहे. विजयाचे स्मरण कोणाविरुद्ध असण्याचे कारण नाही.

मात्र उत्सव केला की कर्तव्य संपले, ही समजूतही तितकीच घातक आहे. पेशव्यांकडे सतत दाद मागून ही मोहीम घडवून आणण्यासाठी झटलेले अंजूरचे गंगाजी नाईक किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या नवसाची आठवण सांगते. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रचंड घंटा याच विजयाची साक्ष देते. दर्शनाला येणाऱ्या किती जणांना हा संबंध उमगतो? वसईजवळच्या सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उत्खनित केला. तेथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पोर्तुगीज येण्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षे समुद्रव्यापाराने गजबजलेले हे शूर्पारक मे महिन्याच्या जयघोषात कोठे बसते?

याहून अवघड प्रश्न 31 डिसेंबरचा आहे. 1802 साली त्याच दिवशी, त्याच वसईत, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. अवघ्या 63 वर्षांत विजयभूमी पारतंत्र्याची भूमी झाली. गृहकलहाने हे कसे घडवले, याची चर्चा कोणत्या व्यासपीठावर होते? केवळ विजय आठवणारा समाज पराभवाची कारणे विसरतो आणि विसरलेली कारणे पुन्हा दारात येऊन उभी राहतात.

हा अनुभव अन्यत्रही आला आहे. अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. 1976 पासून त्याचा महिना झाला. सप्ताहाची गरजच उरू नये, हा इतिहास वर्षभर शिकवला जावा, हीच वुडसन यांची अपेक्षा होती. महिना वाढला, अपेक्षा मात्र अपुरीच राहिली. तेथे आजही हा इतिहास वर्गात किती शिकवावा, यावर वाद झडतात.

वसई-विरारमधील प्रत्येक शाळेने आपला विद्यार्थी वर्षातून एकदा तरी किल्ल्यात आणि सोपाऱ्यात न्यावा. तह, घंटा, स्तूप आणि 1802 ची ती शरमेची स्वाक्षरी, हे सारे त्याला समजावून सांगावे. ज्या दिवशी तो हे घरी येऊन सांगू लागेल, त्या दिवशी चिमाजी अप्पांचा खरा विजयोत्सव साजरा होईल.