स्मृतिरक्षणाचा प्रारंभ मध्यमवयात व्हावा

बाळकुमच्या जुन्या गावठाणाभोवती आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. नोकरदार मुलाकडे राहावयास आलेले वृद्ध आईवडील तेथे अनेक घरांत दिसतात. अशा मुलाची आपल्या औषधालयातील मागणी ठरलेली असते : “बाबा हल्ली फार विसरतात, ब्राह्मीचे काहीतरी द्या.” आपण बाटली देतो आणि व्यवहार संपतो. वस्तुतः आपले कर्तव्य तेथून सुरू होते.

चरकसंहितेत मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस व शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. परंतु रसायनाचा काळ वाग्भटाचार्यांनी पूर्ववय किंवा मध्यमवय असा सांगितला असून, तत्पूर्वी शरीरशुद्धीही आवश्यक मानली आहे. या दृष्टीने पाहता रसायनाचा खरा अधिकारी बाटली न्यावयास आलेला पंचेचाळीस वर्षांचा मुलगाच ठरतो.

आधुनिक संशोधनही याच दिशेस निर्देश करते. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ कारणे दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थौल्य, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव व मंद श्रवण ही त्यांतील कारणे मध्यमवयातच महत्त्वाची ठरतात. तेव्हा त्या मुलाचा रक्तदाब मोजावा. पापड, लोणचे व सुकी मासळी यांतील मीठ कमी करण्यास सांगावे. मूग, पालेभाज्या, नित्य चालणे व वेळेवर निद्रा यांचा आग्रह धरावा. मद्यत्याग आणि निद्रा-जागरणाचा समतोल हे चरकोक्त आचार रसायनाचेच भाग आहेत.

वडिलांच्या बाबतीतही उशीर झाला असे मानू नये. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या १२६० व्यक्तींवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाबादींवर देखरेख यांची दोन वर्षे सांगड घालण्यात आली. त्याचा बुद्धिव्यापारावर माफक, परंतु निश्चित लाभ दिसला.

म्हणून बाटलीपूर्वी काही प्रश्न विचारावेत. नीट ऐकू येते का? दिसते का? दिवसभरात बोलावयास कोणी असते का? जीवनसत्त्व बी-१२ व थायरॉइड यांची तपासणी झाली आहे का? या दोहोंतील बिघाडामुळेही विस्मरण होते व त्यावर उपचार आहेत. दीर्घकाळ शाकाहार किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची उणीव विशेष संभवते. गोंधळ अकस्मात उद्भवला असेल, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. अशा वेळी दिलेली बाटली निदानास विलंब करते आणि तो विलंब रुग्णाला भोवतो.

औषधालयचालकांनी हेही ध्यानात ठेवावे की, मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध केली आहे.

मेध्य रसायन अवश्य द्यावे. परंतु ते परीक्षणानंतर आणि पथ्यासह द्यावे. शास्त्राची प्रतिष्ठा त्यातच आहे.