शताब्दी लेकाची, आठवण बापाची

येत्या 15 ऑक्टोबरला कविवर्य नारायण सुर्वे यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. व्याख्यानं होतील, काव्यवाचनं होतील, शाळांतून पाठांतराच्या स्पर्धा होतील. व्हायलाच हव्यात. आमच्या डोळ्यांपुढे मात्र कवीच्या आधी त्याचा बाप उभा राहतो. गंगाराम कुशाजी सुर्वे, कोकणातून पोटासाठी मुंबईला आलेला गिरणी कामगार.

1926 साली या माणसाने रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल उचललं आणि घरी आणलं. बायको काशीबाई कमला मिलमध्ये कामाला. दोघांचाही दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालणारा. पोराची जात कोणती, हे विचारून उपयोग नव्हता, सांगणारंच कुणी नव्हतं. त्यांनी त्याला वाढवलं, शाळेत घातलं, मराठी चौथीपर्यंत शिकवलं. बापाच्या नावाच्या जागी गंगाराम लागलं, आडनाव सुर्वे लागलं. ‘ऐसा गा मी ब्रह्म’च्या मुखपृष्ठावर 1962 साली जे आडनाव छापलं गेलं, 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद ज्या आडनावाला मिळालं, 1998 मध्ये ज्याला पद्मश्री मिळाली, ते आडनाव एका कामगाराने दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकलेलं होतं. वारसाहक्काच्या भांडणात सख्ख्या भावाचं तोंड न बघणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट लहान नाही.

पुढचा भाग खटकतो. 1936 च्या सुमारास गंगाराम कामावरून निवृत्त झाले आणि काशीबाईंसह कोकणात गावी परतले. निघताना नारायणच्या हातावर त्यांनी दहा रुपये ठेवले. पोर दहा वर्षांचं. मग त्याने घरगड्याची कामं केली, हॉटेलात कपबशा धुतल्या, गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला आणि शेवटी महापालिकेच्या शाळेत शिक्षक. एवढ्या मायेच्या माणसाने दहा वर्षांचं पोर मुंबईत सोडावं कसं? आम्हीही या प्रश्नाशी बराच वेळ अडखळलो. पण आयुष्य गिरणीत घालवलेल्या माणसाकडे जाताना होतं काय? निवृत्तिवेतन नाही, आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा कायदाच मुळी 1952 साली आला. हातावर ठेवलेले दहा रुपये ही त्यांच्या परीने पोराला दिलेली वाटणीच असावी.

भिवंडीत बसून हे लिहिताना गंगाराम सुर्वे जुने वाटत नाहीत. हे गाव उभंच राहिलं परगावच्या माणसांवर. 1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, त्यांनी पद्मानगर वसवलं. जानेवारी 1982 मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथलं कापडाचं काम आमच्या यंत्रमागांकडे वळलं. त्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं येत राहिली. काशीबाईंच्या कमला मिलच्या आवारात आता हॉटेलं आणि कचेऱ्या आहेत. डिसेंबर 2017 मध्ये तिथे आग लागून 14 जणांचा जीव गेला, तेव्हा त्या मिलचं नाव नव्या पिढीने पहिल्यांदा ऐकलं असेल.

भिवंडीतल्या शांतीनगर-गैबीनगरकडच्या एखाद्या खोलीत डोकावून पाहा. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच सतरंजीवर आडवा होतो. भिंतीला ओळीने खिळे आणि एकेका खिळ्याला एकेकाची पिशवी. तेच त्याचं कपाट. जेवायला बिशी म्हणजे खाणावळ, तिचे पैसे पगारातून आधी जातात. मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून माणूस गल्लीत येतो, एका कानाला मोबाइल लावतो, दुसऱ्यात बोट घालतो आणि गावाकडच्या पोरीला ओरडून विचारतो, आज शाळेत गेली होतीस का? त्याला आपण ‘भैया’ म्हणून मोकळे होतो. मुंबईने कोकणातल्या चाकरमान्याला ‘रामा’ म्हणून असंच मोकळं व्हायचं ठरवलं होतं, हे आपण सोयीने विसरलो.

आणि दहा रुपयांचा हिशेब? निधीचा कायदा येऊन सत्तरच्या वर वर्षं झाली. पण तो साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागू होतो. मग एकाच छपराखाली चार नावांचे चार कारखाने निघतात, प्रत्येकात माणसं वीसच्या खाली, आणि पंधरा-वीस वर्षं माग चालवलेला कारागीर गावी जातो तो रिकाम्या हाताने. मे 2020 मध्ये टाळेबंदीत यातलीच किती माणसं नाशिक महामार्गाने पायी निघाली होती. ते आपल्या डोळ्यांदेखत झालं. मागवाल्या शेठलोकांचेही प्रश्न आहेत, सुताचे भाव आणि विजेची बिलं त्यांनाही झोपू देत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी माणूस कामावरून जाताना त्याच्या हातावर काय पडतं, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

भिवंडीतही शताब्दीचे कार्यक्रम होतील. संयोजकांना आमची एक विनंती आहे. व्यासपीठावर मागे फलक लावाल त्यावर कवीच्या नावाखाली गंगाराम आणि काशीबाई यांचंही नाव लिहा. आणि 15 ऑक्टोबर या वर्षी गुरुवारी येतो, तर कार्यक्रम एक दिवस पुढे ढकला. शुक्रवारी माग बंद असतात.