शोधनिबंधाला कुलूप कशाला?

वैनगंगेच्या पाण्यावर किंवा भंडाऱ्यातल्या मालगुजारी तलावांवर कोणी शोधनिबंध लिहिला, तरी तलावाकाठच्या मुलाला तो वाचायला पैसे मोजावे लागू शकतात. निबंध लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला प्रकाशक सहसा मानधन देत नाही. कॉपीराइट मात्र अनेकदा स्वतःकडे घेतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब भारतात बंद करायला सांगितले. सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. पण सोय सरकारी संस्थांपुरती. पदवी घेऊन घरी बसलेल्या तरुणाने काय करायचे?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझे रोजचे काम ज्यांवर चालते ती लिनक्ससारखी साधने लोकांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. मग जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेलाच बंद का? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

मित्रांनो, तोवर थांबू नका. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोफत आहेत. निबंध मिळत नसेल तर लेखकाला ईमेल करून प्रत मागा. ज्ञान मागण्यात लाज कसली? आणि उद्या स्वतः लिहाल, तेव्हा ते सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणीच छापा.