हेल्मेट आणि खड्डा

२०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट घातलेच पाहिजे. पुण्यातील हेल्मेटविरोधाचा आवेश आम्हांस कधी पटला नाही. परंतु बस नाही म्हणून फटफटीवर पाळी गाठणाऱ्या कामगाराला चौकात अडविणारे शासन खड्डा ठेवणाऱ्या ठेकेदाराच्या दारी त्याच तत्परतेने गेलेले आम्ही पाहिले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९८-अ कलम आले : सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास ठेकेदारास अथवा जबाबदार यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड. जिवाचे हे मोल! तरीही कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याची अवस्था नोंदवून घ्यावी आणि याच कलमाखाली कारवाईची लेखी मागणी करावी.