चार रुपयांचा हिशेब आणि सांभाराची जुडी

नवऱ्याला बाजारात सांभार आणायला पाठवावे आणि त्याने मेथीची जुडी घेऊन यावे, हा विनोद आमच्या वर्धा जिल्ह्यात (कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो) किती पिढ्या चालत आला आहे, कोण जाणे. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात तो आठवड्यातून एकदा तरी होतो. आम्ही हे लिहिणारे सगळे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी काही नवरे आहेत, काही बायका. आमच्यातल्या नवऱ्यांनी हा विनोद स्वतःवरच सांगून दाद घेतलेली आहे, आणि आमच्यातल्या बायकांनी तो ऐकून हसण्याचे कर्तव्य पार पाडलेले आहे. यापुढे ते कर्तव्य आम्ही पार पाडणार नाही. कारण हा विनोद निरुपद्रवी नाही. त्यामागे एक न्यायव्यवस्था आहे, आणि ती पक्षपाती आहे.

प्रथम ज्याला आपण ‘किराणा आणणे’ म्हणतो ती क्रिया काय आहे, ते पाहू. यादीत लिहिलेले असते, ‘तूरडाळ 2 किलो, हळद पाव किलो, फल्लीतेल 5 लिटर’. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको की कोणत्याही संहितेत लिहिलेल्यापेक्षा अध्याहृत अधिक असते. तूरडाळ म्हणजे यंदाची की गेल्या हंगामातली? तीत लाखोळीची डाळ मिसळलेली नाही, हे कशावरून? लाखोळीचा दाणा कोनाचा असतो, तुरीचा गोल. मूठभर डाळ तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय तो फरक कळत नाही. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ पोटात गेली तर पाय लुळे पडू शकतात, तेव्हा ही केवळ चवीची चिकित्सा नव्हे. हळदीचेही तसेच. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक पुडी वायगावची नसते, आणि ती कोणाकडून घ्यावी हे मानांकनाच्या कागदावर लिहिलेले नसते. ते घरातल्या कोणाच्या तरी डोक्यात असते. मागच्या महिन्यात डब्यात किती उरले, सणाला कोण येणार, सासऱ्यांना कोणते तेल चालत नाही, वाण्याची कोणती गोणी नुकतीच फुटली आहे, हे सारे त्या दोन-तीन शब्दांच्या ओळीमागे उभे असते.

म्हणजे यादी लिहिणे हे काम आहे, आणि ती वाचता येणे ही विद्या आहे. नवऱ्याच्या हाती यादी दिली म्हणजे काम वाटले गेले, असे मानणारे त्या विद्येला विद्याच मानत नाहीत. आजचा नवरा दुकानात उभा राहून घरी व्हिडिओ कॉल करतो, डाळीचे पाकीट कॅमेऱ्यासमोर धरतो आणि विचारतो, ‘हेच ना?’ यात पाय त्याचे चालले. डोळे, स्मृती आणि निर्णय हे सारे पूर्वीप्रमाणे तिचेच राहिले. पैसे मात्र त्याने दिले म्हणून ‘आज किराणा मी आणला’ हे वाक्य त्याच्या नावावर जमा होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी 81.2 टक्के स्त्रिया दिवसभरात घरातली विनामोबदला कामे करतात, तर पुरुषांपैकी 26.1 टक्के, आणि जे ही कामे करतात त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांच्या बाबतीत 299 मिनिटे, पुरुषांच्या बाबतीत 97 मिनिटे. घरासाठी केलेली खरेदी याच कामांत धरलेली आहे. व्हिडिओ कॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलेली मिनिटे कोणाच्या खात्यावर पडली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता त्या पक्षपाताकडे वळू. आमचे म्हणणे एका वाक्यात असे, की घरखर्चाच्या बाबतीत पुरुषाकडून चूक झाली की तिला भोळेपणा म्हणतात, आणि बाईकडून झाली की ते तिच्या चारित्र्याचे प्रकरण होते. मराठी साहित्याने, आणि त्याहून अधिक ते शिकवणाऱ्या आम्ही, हा भेद जोपासला आहे. चि. वि. जोशींच्या चिमणरावाच्या अव्यवहारीपणावर आपण प्रेम केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नाही आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंना सोसावी लागते, तरी त्या स्वतः हसत लिहितात, म्हणून आपण टिळकांना ‘कविवृत्तीचे’ म्हणून मोकळे होतो. 1990 साली सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. थोर नवऱ्याच्या व्यवहाराचा भार वाहणे म्हणजे काय, हे त्यांनी फारसे न हसता लिहिले, आणि मराठी वाचकांतल्या मोठ्या वर्गाला ते पुस्तक बोचले. हसून सांगितले तर ‘स्मृतिचित्रे’, न हसता सांगितले तर कुरबुर! सोसणे दोन्हीकडे होते. आपल्या स्वागतातला फरक सुराचा होता.

आता दुसरी बाजू. ती आमच्या जिल्ह्याला फार जवळची आहे. साबरमतीच्या आश्रमात असताना, एप्रिल 1929 मध्ये, गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये एक लेख लिहिला. आश्रमातल्या काही जणांच्या दोषांविषयीच्या त्या लेखात त्यांनी आपल्या पत्नीचाही उल्लेख केला. कोणी कोणी प्रसंगोपात्त भेट दिलेले शे-दोनशे रुपये कस्तुरबांनी पूर्वी आपल्याजवळ ठेवले होते, आणि त्याविषयी पश्चात्ताप झाल्यानंतरही पुढे अनोळखी पाहुण्यांनी दिलेले चार रुपये कार्यालयात जमा केले नाहीत. अपरिग्रहाच्या व्रताचा तो भंग होता. बांनी चूक मान्य केली. पुन्हा असे घडल्यास आश्रम सोडण्याचेही कबूल केले. हे सारे पतीने छापून प्रसिद्ध केले.

येथे गांधीजींवर अन्याय होऊ नये. ते स्वतःचाही हिशेब तितक्याच कठोरपणे मांडत. विलायतेतल्या विद्यार्थिदशेत पै-पैचा खर्च लिहून ठेवल्याचे त्यांनी आत्मकथेत सांगितलेच आहे. त्याच लेखात बांच्या त्यागाचा गौरव आहे, आणि आश्रमीयांच्या दोषांत ते स्वतःचाच दोष पाहतात. त्यांची तराजू, त्यांच्यापुरती, एकच होती. आमचा आक्षेप आपल्या तराजूवर आहे, कारण ती दोन पारड्यांची नसून दोन मापांची आहे. टिळकांच्या हातून निसटलेला सारा पैसा आपल्याला गोड वाटतो, आणि बांच्या पदरी राहिलेले चार रुपये आपण आजही नीतिकथेसारखे सांगतो. कार्यालयातली वही कोणी ठेवायची, भेट आलेला रुपया कोणाचा, हे नियम ठरवताना बांचे मत कितपत विचारले गेले असेल, हा प्रश्न आमच्या वर्गात वर्षानुवर्षे कोणी विचारला नाही, कारण आम्हीच तो विचारला नाही.

गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना तेथे नेतो. बापू कुटीत मुले शांत बसतात. तिथली चटई, तिथले घड्याळ यांवर निबंध लिहितात. शेजारच्या बा कुटीपाशी बहुतेकांची पावले दोन मिनिटेही थांबत नाहीत. ज्या घरात रोज पाहुणे येत, त्या घरातल्या बाईला मूठभर पैसा आपल्या अखत्यारीत असावा असे का वाटले असेल, याचा विचार करायला ती दोन मिनिटे पुरत नाहीत.

यावर एक प्रतिवाद नेहमी येतो. बायकाच नवऱ्यांवर विश्वास टाकत नाहीत, त्यांना स्वयंपाकघराच्या किल्ल्या सोडवत नाहीत, आणलेल्या प्रत्येक जिनसात खोट काढतात, मग नवऱ्याने शिकावे कसे? हे सर्वस्वी खोटे नाही. आमच्यातल्या बायकांनीही ते मान्य केले. पण ज्या घरात निर्णयाची दुसरी एकही जागा तिला मिळाली नाही, तेथे डाळीच्या डब्यावरची सत्ता ती सहजासहजी कशी सोडील? आणि दुसरे असे, की चुकीची किंमत कोण मोजते? डाळ शिजली नाही तर पाहुणा नवऱ्याच्या खरेदीला नावे ठेवत नाही, बाईच्या हाताला ठेवतो. ज्याच्या चुकीचा दंड दुसऱ्याला भरावा लागतो, त्याच्यावर ‘विश्वास टाक’ असे त्या दुसऱ्याला सांगणे हा उपदेश नव्हे, उद्दामपणा आहे.

तेव्हा विश्वासाची आमची व्याख्या अशी, की ज्याच्याकडे काम त्याच्याकडे त्याचे ज्ञान, आणि ज्याच्याकडे ज्ञान त्याच्याकडे चुकीची जबाबदारी. नवऱ्याने यादी हाती घेण्यापूर्वी डबे उघडून पाहावेत आणि ती स्वतः लिहावी. लाखोळी आली तर ती त्याने निवडावी, आणि पाहुण्यांसमोर ‘डाळ मी आणली’ असे सांगावे. बायकोनेही मग तो महिना ती डाळ मुकाट्याने खावी. दुसऱ्याच्या हातची चूक पचवल्याशिवाय विश्वास म्हणजे नुसता शब्द. दोन-चार महिने घरात वरण बिघडेल, पण त्याने कोणतेही घर मोडत नाही.

आणि वर्गात? ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना टिळकांच्या उदारपणावर मुले हसली की आम्ही यापुढे तेथेच थांबणार आहोत. त्या दिवशी घरात किराणा किती होता, हा प्रश्न फळ्यावर लिहिणार आहोत. उत्तर पुस्तकात शोधावे लागेल. हसून झाल्यावर सापडणार नाही.